उत्तरायणातला गालिचा

सुलभाताई शिर्के कोणाच्याही घरी गेल्या की आधी खाली बघायच्या. समोरची माणसं "या, बसा" म्हणत असायची आणि ताईंची नजर त्यांच्या पायांखाली काय अंथरलंय तिकडे. आम्ही बडोद्यात अकोट्याला राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारधर्म म्हणून त्या वाटीभर लिंबाचं लोणचं घेऊन आल्या. मंजिरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दार उघडलं. ताईंनी वाटी तिच्या हातात दिली, चपला काढल्या आणि पायाच्या अंगठ्यानं आमच्या बैठकीतल्या गालिच्याचा कोपरा उचलून खाली डोकावून पाहिलं. मग अगदी प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाल्या, "कसर लागलीय. पण अजून वेळ गेलेली नाही. मी सुलभा शिर्के, शेजारची."

तो गालिचा मंजिरीच्या माहेरचा होता. माहेरच्या वस्तूला कसर लागलीय हे ऐकून कोणत्या बाईला आनंद होईल? ताई गेल्यावर ती बराच वेळ धुमसत होती. संध्याकाळी तिनं स्वतः कोपरा उचलून बघितला आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तो गालिचा जरा शेजारी देऊन या." लोणचं मात्र कडू होतं. ताईंच्या हातचं सगळंच थोडंसं बिघडलेलं असे आणि त्या ते मोठ्या प्रेमानं आणून देत. आम्ही तितक्याच प्रेमानं ते संपवल्याचं सांगत असू.

गालिचे धुणं हा त्यांचा व्यवसाय. यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर पुण्याचा मुलगा म्हणाला, "आई, आता इकडे ये." ताईंनी विचारलं, "तुझ्याकडे गच्ची केवढी आहे?" त्यानं खरं ते सांगितलं आणि ताई बडोद्यातच राहिल्या. घरामागच्या अंगणात सिमेंटची उतरती फरशी घालून घेतली, गच्चीवर बांबूच्या आडव्या काठ्या लावल्या आणि करजणहून रोज गाडीनं येणारे रमणभाई मदतीला घेतले. रमणभाई म्हणजे पन्नाशीचे, काटकुळे, कमी बोलणारे गृहस्थ. ताई बोलायच्या आणि रमणभाई पिळायचे, अशी कामाची वाटणी होती.

कामाला उभ्या राहिल्या की ताईंचं रूप बघण्यासारखं असे. ठेंगणा, गोल बांधा, सुती साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेली आणि पायांत पुरुषांचे काळे गमबूट. चष्मा दोरीनं गळ्यात. गालिच्यांशी त्या बोलायच्या. एखादा जुना, जड गालिचा उलगडला की, "काय हो बाई, किती वर्षं आंघोळ नाही?" अशी विचारपूस व्हायची. यंत्रावर झालेले नायलॉनचे गालिचेही त्या धुवायच्या, पण त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. लोकरीसाठी रिठे लागत. ते खंडेराव मार्केटच्या मागच्या एका गांध्याकडून, म्हणजे काष्ठौषधीवाल्याकडून, त्या स्वतः निवडून आणायच्या आणि आणताना रिक्षावाल्यालाही रिठ्याचे गुण सांगायच्या. रिक्षावाले ऐकून घ्यायचे, कारण ताईंच्या बोलण्याला खंड नसे आणि त्यांचं गुजराती त्यांच्या मराठीत इतकं मुरलं होतं की कोणत्या भाषेत गप्प बसवावं तेच कळत नसे. "शांतीथी घे रे, घाई नको, बराबर वळव," असं एका दमात त्या म्हणायच्या.

धुण्याबद्दलचं त्यांचं मत पक्कं होतं. "धुतलेलं दिसता कामा नये आणि मळलेलंही दिसता कामा नये. नुसता गालिचा दिसला पाहिजे." पण त्याहून पक्का होता तो घरी गालिचा घ्यायला जातानाचा रिवाज. गिऱ्हाइकाच्या बैठकीत गालिचा पूर्ण पसरायचा, गुडघ्यांवर बसून इंच न् इंच तपासायचा आणि प्रत्येक दोष मोठ्यानं बोलून दाखवायचा. "इथं चहा. इथं मांजर. इथं कोणीतरी इस्त्री ठेवली होती." घरातली माणसं एकमेकांकडे बघू लागायची. अमुक वर्षी इस्त्री कोणी ठेवली यावरून एका घरात दीर-भावजयीचं माझ्यादेखत जुंपलं होतं. एकदा एका बाईंनी तक्रारच केली की आमच्या गालिच्याची बदनामी सगळ्या सोसायटीनं ऐकली. त्यावर ताईंचं उत्तर ठरलेलं असे. "बेन, डाग आधी दाखवला तर तो तुमचा. धुतल्यावर दिसला तर तो माझा. माझे मला पुरेत, तुमचे कशाला घेऊ?"

आणि धुतल्यावर तक्रारी यायच्याच. गालिचा स्वच्छ झाला की लोकांना तो पहिल्यांदाच दिसतो, असं ताई म्हणत. करजणच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठची गोष्ट त्या नेहमी रंगवून सांगायच्या, पण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. रमणभाईंच्या ओळखीनं आलेलं हे गिऱ्हाईक. निळा, जाड, भला मोठा गालिचा. धुऊन पोहोचवला आणि दुसऱ्याच दिवशी शेठ गाडीत घालून परत घेऊन आले. अंगणात टाकला आणि म्हणाले, "अर्धो काळो, अर्धो धोळो! आवुं धोवाय?"

ताईंनी चष्मा लावला. बघितलं. खरंच एक बाजू गडद दिसत होती. मग त्या म्हणाल्या, "शेठ, जोडा काढा आणि माझ्याबरोबर या." शेठचा हात धरून त्यांनी त्यांना गालिच्याला वळसा घालून पलीकडच्या टोकाला नेलं. तिथून बघितल्यावर गडद बाजू फिकी आणि फिकी बाजू गडद. शेठ पुन्हा इकडे आले. पुन्हा तिकडे गेले. मग एकटेच दोन फेऱ्या मारून आले. लोकरीची लव एका अंगाला झोपलेली असते, वाहतुकीत गुंडाळताना अर्धी उलटी बसली होती, एवढंच. ताईंनी मऊ ब्रशनं ती एका दिशेला बसवून दिली. शेठना त्या फेऱ्यांची इतकी गंमत वाटली की घरी जाऊन त्यांनी सगळ्या कुटुंबाला त्या गालिच्याभोवती फिरवलं म्हणे. तेव्हापासून "आधी फिरून बघा" हा ताईंचा मंत्रच झाला. दहातल्या आठ तक्रारी त्या फेरीत मिटायच्या.

हे सगळं शहाणपण वर्षातून दोन दिवस मात्र गुंडाळून ठेवलं जायचं. ते दोन दिवस म्हणजे उत्तरायण, आपली संक्रांत, आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण. बडोद्यात पतंग कोण उडवत नाही? पण ताईंचं उडवणं वेगळं होतं. आठ-पंधरा दिवस आधीपासून त्या वारा बघायच्या. रस्त्याच्या कडेला खांबांना दोरी ताणून रंगवणारे बसतात, त्यांतल्या एका ठरावीक माणसाकडून त्या समोर उभं राहून दोरी गुलाबी रंगवून घ्यायच्या. बोटांना पट्ट्या, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर यजमानांचा जुना काळा चष्मा. आणि समोरच्याचा पतंग कापला की जी आरोळी ठोकायच्या, "ए काप्योऽऽ! लपेऽऽट!", ती विश्वामित्री नदी ओलांडून पलीकडे जात असेल. फिरकीवर दोरी लपेटण्याचं काम रमणभाईंचं. सण असूनही ते त्या दिवशी करजणहून यायचे, ते बहुधा दुसऱ्या कोणावर ताईंचा भरवसा नसल्यामुळे. आमची गच्ची भिंतीला भिंत लागून. मंजिरी म्हणायची, "एरवी यांना गुडघ्यांचा त्रास असतो ना हो?"

गालिचेवाल्यांचा आणि उत्तरायणाचा तसा जुना संबंध आहे. आधीचा महिनाभर कमूरतां. म्हणजे त्या दिवसांत कोणतंही शुभकार्य होत नाही. उत्तरायण झालं की सगाया, म्हणजे साखरपुडे, आणि लग्नं एकदम सुटतात आणि त्याआधी सगळ्यांना घर चकचकीत हवं असतं. त्यामुळे ताईंच्या अंगणात गर्दी. पण उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर एक फडकंही वाळत घालायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. आकाशातून दोऱ्या पडतात, पतंग पडतात, पोरं उड्या मारत येतात.

तो नियम त्यांनी एकदाच मोडला, ज्योत्स्नाबेनसाठी.

ज्योत्स्नाबेन अलकापुरीत राहायच्या. ताईंचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीची, निरालीची, सगाई वासी उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली होती. मुलाकडचे भरूचहून येणार होते. त्यांच्या बैठकीत एक मोठा, क्रीम रंगाचा, लोकरीचा गालिचा होता. तो देताना ज्योत्स्नाबेननी ताईंना आत स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं होतं की निरालीची आधी एकदा सगाई मोडली आहे. तेव्हा मंडपवाल्याकडून भाड्यानं बैठक आणली होती, भांडी आणली होती, सगळंच बाहेरचं. या वेळी त्यांनी मनाशी ठरवलं होतं की सगळं घरचं असेल आणि कशालाही बोट दाखवायला जागा नसेल. "एकही खोड राहता कामा नये, सुलभाबेन," असं त्या पुनःपुन्हा म्हणाल्या. बाईमाणूस धीराचं होतं, पण पोरीचं एकदा मोडलेलं त्यांच्या मनातून जात नव्हतं. पोर तर त्यानंतर हसायचीच विसरली आहे, असंही म्हणाल्या.

सगाईची तारीख आयत्या वेळी ठरली, म्हणून गालिचा उशिरा आला. थंडीच्या दिवसांत जाड लोकर वाळायला वेळ लागतो. उत्तरायणाच्या सकाळी तो पोटातून किंचित ओलसर होता. ऊन छान होतं, वारा तर विचारू नका. ताईंनी तो गच्चीवर फरशीला चादर घालून तिच्यावर पसरला आणि मला भिंतीवरून सांगितलं, "राखण करायला मी इथंच बसणार आहे, दिघेभाऊ." मी म्हटलं, "नुसत्या बसणार?" त्या म्हणाल्या, "नुसती."

तासाभरात फिरकी वर आली. रमणभाई तोंड पाडून ती धरून उभे. "राखण करता करता दोन हात करते, एवढंच," ताई म्हणाल्या. मग समोरच्या उंच इमारतीवरून कोणीतरी एक काळा पतंग ताईंच्या पतंगावर घातला आणि ताई सगळं जग विसरल्या. दोन्ही हातांनी खसाखस दोरी ओढत मागे मागे सरकल्या. ओढलेली दोरी अशा वेळी पायांशी वेटोळी होऊन पडत जाते. आदल्याच संध्याकाळी रंगवलेली, रंगाचा वरचा हात अजून पुरता न सुकलेली गुलाबी दोरी. "ए काप्योऽऽ!" ही आरोळी मी ऐकली आणि पाठोपाठ इतकी शांतता पसरली की मी भिंतीशी धावलो. ताई गालिच्याच्या मधोमध उभ्या होत्या. दोरीची वेटोळी चहूकडे पडली होती आणि त्यांच्याच पावलांखाली ती लोकरीत दाबली गेली होती.

त्या दुपारी पुढे पतंग उडाला नाही. थंड पाणी, रिठ्याचं पाणी, पांढरी फडकी. न घासता, टिपून टिपून ताईंनी गुलाबी रंग काढला. सगळा काढला. संध्याकाळी मंजिरी चहा घेऊन गेली तर म्हणाल्या, "नको, हातांना वेळ नाही." रात्रभर पंखे लावून ठेवले. आणि वासी उत्तरायणाच्या सकाळी उन्हात बघतात तो गुलाबी कुठं नव्हतं, पण जिथं जिथं ते होतं तिथं गालिचा बाकीच्यापेक्षा पांढरा झाला होता. जुन्या लोकरीची जी हळवी पिवळसर छटा असते, ती तेवढ्या जागांवरून उतरली होती. क्रीम रंगावर सहाएक उजळ चट्टे.

"फिरून बघा," मी चाचरत म्हटलं. ताई फिरल्या. चारी बाजूंनी फिरल्या. चट्टे जागचे हलले नाहीत.

सगळा गालिचा पुन्हा धुऊन सारखा करणं हाच उपाय होता आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत वाळणं शक्य नव्हतं. ताईंनी दिवसभर बसून चट्ट्यांच्या कडा ओल्या फडक्यानं बाहेर बाहेर उजळत नेल्या, म्हणजे सीमा तरी विरघळाव्यात. फरक पडला, पण दिसत होतं ते दिसतच होतं. रमणभाई बराच वेळ काहीतरी बोलायचं जुळवत होते. शेवटी म्हणाले, "बेन, कोईनी कपायेली दोरी पडी, एम कहीशुं तो कोण ना पाडवानुं छे?"

कोणाची तरी कापलेली दोरी वरून पडली असं सांगितलं तर खरंच कोण नाही म्हणणार होतं? साऱ्या बडोद्यावर दोऱ्या पडत होत्या. ताईंनाही तो विचार शिवला असणार, माणूसच आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दिघेभाऊ, तुम्ही विमावाले. आकाशातून दोरी पडली तर तुमच्यात त्याला काय म्हणतात?"

"दैवी आपत्ती."

"आणि आपलीच दोरी, आपल्याच हातानं, आपल्याच पायाखाली आली तर?"

"निष्काळजीपणा."

"हां. तेच." असं म्हणून त्या पुन्हा खाली बसल्या. दुपारी त्यांनी ज्योत्स्नाबेनना फोन केला, तो कोणी उचलला नाही. मग चट्ट्यांचे फोटो पाठवले. उलट टपाली एक अंगठा आणि दोन फुलं आली. घर पाहुण्यांनी भरलेलं, फोटो कोण मोठे करून बघतं?

सगाईच्या दिवशी अगदी सकाळी मी माझ्या गाडीच्या टपावर गालिचा बांधला. टेम्पोवाला अजून पतंगांतच होता. ताई कामाच्याच साडीत पुढे बसल्या, रमणभाई मागे. वाटेत मी सहज म्हटलं, "होईल सगळं ठीक." त्या म्हणाल्या, "तुमच्या गालिच्याला कसर लागली होती तेव्हा मी असं म्हटलं होतं का?" मी गाडी चालवत राहिलो.

बैठकीतलं सामान हलवून जागा केलेली होती. रमणभाईंनी आणि मी गालिचा उलगडला. ताईंनी स्वतः जाऊन खिडकीचे पडदे पूर्ण सरकवले, ऊन थेट आत येईल असे. मग म्हणाल्या, "बेन, पाहुण्यांच्या आधी तुम्ही बघून घ्या."

ज्योत्स्नाबेननी बघितलं. ताईंकडूनच शिकलेल्या, म्हणून न सांगता वळसा घालून पलीकडे गेल्या आणि तिथून बघितलं. मग म्हणाल्या, "आ शुं थयुं?"

"डाग नाहीत. डाग काढले त्या जागा आहेत. बाकीच्यापेक्षा पांढऱ्या झाल्या. पतंगाची दोरी पडली."

"कोनी दोरी?"

"मारी," ताई म्हणाल्या. "मी उडवत होते. माझ्या पायाखाली आली."

ज्योत्स्नाबेन खुर्चीवर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या हळू आवाजात म्हणाल्या, "एटले आ वखते पण..." म्हणजे याही वेळी गालबोट. ताई उभ्याच होत्या, पदराचं टोक मुठीत धरून, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात निराली आली. केस ओले, टॉवेल खांद्यावर. तिनं आईकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, गालिच्याकडे बघितलं. सगळी हकीकत ऐकली. मग कपाळाला आठी घालून विचारलं, "मासी, तमे पतंग चगावो छो?"

ताईंनी उडवते अशी मान हलवली.

"तो कोनो कपायो? तमारो के सामेवाळानो?"

ताईंनी पदरानं नाक पुसलं आणि त्या परिस्थितीतही त्यांच्यानं राहवलं नाही. "एनो ज कपायो!" त्या म्हणाल्या. "काळा होता. एवढा मोठा."

निराली हसायला लागली. आधी ओठ आवळून, मग मोकळी, मग भिंतीला हात टेकवून. "मम्मी," ती म्हणाली, "आखुं गाम धाबे हतुं. मासी एकलां नीचे बेसी रहे?" सगळं गाव गच्चीवर असताना मावशींनीच तेवढं खाली बसायचं का, हा प्रश्न बिनतोड होता. पण ज्योत्स्नाबेनचं लक्ष प्रश्नाकडे नव्हतं. त्या मुलीच्या तोंडाकडे बघत राहिल्या होत्या. किती तरी वेळ बघत होत्या. मग त्यांनी डोळे कोरडे केले, उठल्या, पदर कमरेला खोचला आणि गालिच्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"अहीं बाजोठ," त्या म्हणाल्या. पूजेचा पाट पहिल्या चट्ट्यावर ठेवला गेला. "अहीं जाडा मामा." दुसरा गेला. "अहीं नडियादवाळां फोई, ए एक वार बेसे पछी ऊठतां नथी." एकदा बसल्या की न उठणाऱ्या आत्यांखाली तिसराही गेला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाई, तमे अहीं. हलशो नहीं हों." मी एकटा पुरेना, म्हणून शेजारी रमणभाईंना बसवलं. दोघांत मिळून आम्ही एक चट्टा झाकला. अशी एकेक जागा भरत गेली आणि एक उरली, नेमकी समोर, मुलाच्या आईची खुर्ची ठेवली होती तिच्या पुढ्यात.

ताई तोवर स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकल्या होत्या. "क्यां चाल्यां?" ज्योत्स्नाबेननी विचारलं.

"घरी जाते. तुमचे पाहुणे येतील."

"अने आ कोण ढांकशे? तमे पाड्यो, तमे बेसो." एवढं म्हणून त्यांनी ताईंना दंडाला धरून आत नेलं. बाहेर आल्या तेव्हा ताईंच्या अंगावर ज्योत्स्नाबेनची हिरवी रेशमी साडी होती आणि कपाळावर त्यांनीच लावलेलं ताजं कुंकू. त्या मुकाट्यानं येऊन शेवटच्या चट्ट्यावर मांडी घालून बसल्या.

ताईंना बडोदं सोडून आता बरेच दिवस झाले. गुडघे खरंच कुरकुरायला लागले तेव्हा त्या पुण्याला मुलाकडे गेल्या. तो गालिचा निरालीच्या लग्नानंतर त्यांनी परत मागून आणला होता आणि सावकाश, सगळा नव्यानं धुऊन असा एकसारखा केला होता की शोधूनही जागा सापडू नये. फोनवर त्या अजून त्याचंच सांगतात. मी "हो, हो" म्हणतो. पण माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या हिरव्या साडीतल्या ताई.

त्या दिवशी भरूचचे पाहुणे आले. पूजा झाली, अंगठ्या झाल्या, गूळ-धण्यांचा गोळधाणा वाटला. मुलगा हसरा होता, निरालीही हसत होती. मग "जमवा चालो" अशी हाक आली आणि मामा उठले, फोई दोघांच्या आधारानं उठल्या, मी आणि रमणभाईही उठलो. सगळी बैठक जेवणाकडे वळली. गालिचा रिकामा झाला आणि त्यावरचे बाकीचे चट्टे भर उन्हात उघडे पडले. पण सुलभाताई हलल्या नाहीत. बाकी सगळे गेले तरी आपल्या जागेवर ताठ बसून होत्या. समोरच्या खुर्चीवर मुलाची आई अजून बसलेली होती ना. कोणीतरी बोलावलं तर म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही." चेहऱ्यावर घाम आला होता. मांडी घालून इतका वेळ बसणं त्यांच्या गुडघ्यांना काय पडत असेल ते मला कळत होतं.

ज्योत्स्नाबेन जेवणाच्या दारातून परत आल्या. त्यांनी आधी ते सगळे उघडे चट्टे बघितले, मग एकट्या खाली बसलेल्या ताईंना बघितलं.

"ऊठो हवे, सुलभाबेन," त्या म्हणाल्या. "देखाय तो भले देखाय." दिसले तर खुशाल दिसू देत, असं.

ताईंनी उठायला बघितलं, पण दोन्ही पाय बधिर झाले होते. ज्योत्स्नाबेननी वाकून त्यांचे दोन्ही हात धरले आणि ओढून उभं केलं. पायांतल्या मुंग्या उतरेपर्यंत दोघी एकमेकींना धरून त्या उजळ चट्ट्यावर तशाच उभ्या राहिल्या. मुलाच्या आईनं कौतुकानं विचारलं, "आ कोण?"

ज्योत्स्नाबेननी हात सोडले नाहीत. म्हणाल्या, "घरनां छे."